पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत हिशोब मागणं देशभक्तीत बसतं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गावात पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, पोरांना खाऊ वाटला आणि शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा सुरू झाली. तुम्ही उभं राहून पाण्याच्या टाकीच्या कामाला किती पैसे आले आणि किती खर्चले, एवढंच विचारलं. त्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, ‘आजचा दिवस देशाचा आहे, आज तरी राजकारण नको.’ टाळ्या पडल्या, तुम्ही खाली बसलात, आणि दहा मिनिटांत सभा संपली. आता तुम्ही विचारताय की तुमचं चुकलं का, आणि देशावर प्रेम असणाऱ्या माणसानं मतदान आणि झेंडावंदन यापलीकडे नेमकं करायचं काय.

तुमचं चुकलं नाही. पण मला यात तिसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, जो तुम्ही विचारलेला नाही: विचारलेला प्रश्न टिकवायचा कसा? एका वाक्यानं आणि टाळ्यांनी तुमचा प्रश्न हवेत विरला, कारण तो फक्त तोंडी होता. कागदावर असता तर टाळ्यांनी पुसला गेला नसता. त्यामुळे आधी तत्त्वाचं थोडं बोलतो आणि मग कागदाचं सविस्तर.

राज्यघटनेतली मूलभूत कर्तव्यं अनुच्छेद ५१-क मध्ये आहेत. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनं दहा आली, २००२ च्या ८६व्या दुरुस्तीनं अकरावं आलं. शाळेच्या भिंतीवर ती रंगवलेली असतात, पण सहसा कुणी ओळीनं वाचत नाही. वाचून बघा. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर पहिल्याच कर्तव्यात आहे, आणि त्याच वाक्यात त्यांच्या आधी संविधानाचं पालन आणि त्याचे आदर्श व संस्था यांचा आदर आहे. तुमची ग्रामसभा ही त्या संस्थांपैकीच एक. १९९२ च्या ७३व्या दुरुस्तीनं तिला घटनेत जागा मिळाली. पुढे त्याच यादीत शोधकबुद्धी आणि सुधारणेची वृत्ती वाढवणं हे कर्तव्य आहे, आणि सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण हेही. पाण्याची टाकी ही सार्वजनिक मालमत्ता, आणि तिच्याबद्दल चौकशी करणं ही शोधकबुद्धी. म्हणजे तुम्ही झेंड्याला सलाम करून एक कर्तव्य पार पाडलंत आणि प्रश्न विचारून आणखी दोन.

जाता जाता: मतदान या यादीत नाही. कर भरणं हे कर्तव्य म्हणून घालावं अशी स्वर्णसिंग समितीची शिफारस होती, तीही यादीत आली नाही. शिवाय या कर्तव्यांच्या भंगाला स्वतंत्र शिक्षा नाही; ध्वजाचा अपमान किंवा सार्वजनिक मालमत्तेची नासधूस यांना शिक्षा आहे ती वेगळ्या कायद्यांनी. त्यामुळे ‘तू कर्तव्य पाळत नाहीस’ असं म्हणून कुणी कुणाला गप्प बसवू शकत नाही.

सरकारवर किंवा पंचायतीवर टीका केली म्हणजे देशाविरुद्ध बोललो, हा समज फार जुना आहे आणि तो आपल्याला इंग्रजांनी दिला. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला पाठवलं ते राजद्रोहाच्या कलमाखालीच. स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयानं १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात हे कलम कायम ठेवलं, पण सरकारवर कडक टीका करणं म्हणजे राजद्रोह नव्हे, त्यासाठी हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता मोडण्याचा उद्देश असावा लागतो, असं सांगितलं. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते असा जो इशारा दिला होता, तोही याच जातीचा. देशावरच्या श्रद्धेला प्रदर्शनाची सक्ती नाही, हे १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात आलं. केरळातली तीन मुलं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण धार्मिक कारणानं गात नसत. त्यांना शाळेतून काढणं न्यायालयानं चूक ठरवलं. तेव्हा श्रद्धा ज्याची त्याची. नागरिक म्हणून करायची कामं मात्र सगळ्यांना सारखी लागू आहेत, आणि ती बरीचशी कंटाळवाणी, कागदी आहेत.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते मोकळेपणानं सांगायला हवं. गाव सहाशे मतदारांचं आहे की सहा हजारांचं, तुम्ही भावकीत बसता की एकटं घर आहे, तुमचा रोजगार सरपंचाच्या शेतावर किंवा ठेकेदाराकडे आहे का, तुम्ही कुठल्या जातीचे आहात, बाई आहात की पुरुष, यावर ‘उभं राहून विचारा’ या सल्ल्याची किंमत बदलते. ज्याच्या घरातलं पाणी कुणी तोडू शकतं त्याला मी पहिल्याच सभेत एकटं उभं राहायला सांगणार नाही. तिथे लेखी प्रश्न आणि पाच-सात सह्या हाच मार्ग. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागात जिथे पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा वेगळा कायदा) लागू आहे तिथे पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि तिचे अधिकार जास्त आहेत. शहरात राहत असाल तर ग्रामसभेसारखं उभं राहायला व्यासपीठच जवळजवळ नाही. तिथे माहितीचा अधिकार आणि नगरसेवकाकडे लेखी निवेदन, एवढंच हातात उरतं. तुमचा प्रश्न गावचा आहे, म्हणून पुढचं सगळं गावापुरतं.

सुरुवात मतदार यादीपासून करा. ज्याचं नाव गावाच्या मतदार यादीत आहे तोच ग्रामसभेचा सदस्य. पुण्या-मुंबईत नाव असलेले, सणाला गावी येणारे बरेच जण ग्रामसभेत आवाज काढतात आणि मग ‘तुमचं नावच इथं नाही’ या एका वाक्यावर गार होतात. दोन्हीकडे नाव ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, ते बेकायदा आहे. राहण्याचं ठिकाण बदललं असेल तर अर्ज क्रमांक ८, नवं नाव नोंदवायचं असेल तर अर्ज क्रमांक ६. आता वर्षातून चार पात्रता दिनांक असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. म्हणजे एप्रिलमध्ये अठरा पूर्ण करणाऱ्या पोरीला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायचं कारण नाही. यादीतलं आपलं नाव निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात शोधण्यात अर्थ नाही. तेव्हा मुदत गेलेली असते.

आता तारखा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या साधारणपणे १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवशी किंवा त्यांच्या आगेमागे होतात. पुरेशा कारणाशिवाय सभा टाळणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं. तेव्हा ‘आज देशाचा दिवस, आज नको’ याला उत्तर एवढंच की ही सभा बोलावली आहे तीच गावाचा कारभार बोलण्यासाठी. हे उत्तर नम्रपणे द्या. त्या गृहस्थांचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. त्यांना सणाच्या दिवशी वाद नको असतो, आणि कुणीतरी त्यांच्या मागे लपलेलं असतं.

पण तुमच्या बाजूनंही एक गोष्ट तपासा. मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यांची उत्तरं, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम हे सगळं आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे ठेवायचं असतं. म्हणजे बहुधा मे महिन्यातल्या. ऑगस्टची सभा खरी पाठपुराव्याची: मेमध्ये काय ठरलं, त्यातलं काय झालं. ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाचा विकास आराखडा तयार होऊ लागतो, त्यामुळे ‘हे काम घ्या’ म्हणायची सभा ती. जानेवारीत आराखडा बहुतेक पक्का झालेला असतो. तिथे ‘हे काम का घेतलं नाही’ म्हणून ओरडणं उशिराचं. चुकीच्या सभेत बरोबर प्रश्न विचारला की ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणं त्यांना सोपं जातं.

सभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते. विशेष सभा असेल तर चार दिवस. सूचना पंचायतीच्या फलकावर लागते आणि दवंडी होते किंवा हल्ली व्हॉट्सअॅपवर येते. त्या फलकाचा तारखेसह फोटो काढून ठेवा. मग तुमचा विषय विषयपत्रिकेत घ्यावा असं पत्र ग्रामसेवकांना द्या (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी, पण गावात ग्रामसेवकच म्हणतात). दोन प्रती, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का. एवढ्या एका प्रतीनं अर्धी लढाई होते. सूचना निघायच्या आधी पत्र गेलं तर उत्तम, म्हणजे सभेच्या दहा-पंधरा दिवस आधी.

प्रश्न कसा लिहायचा, इथे सगळ्यात जास्त गडबड होते. ‘टाकीच्या कामात भ्रष्टाचार झाला आहे, खुलासा करा’ हा प्रश्न नाही, आरोप आहे. आरोपावर लोक बाजू घेतात, समोरचा अब्रूवर जातो आणि आकडा कुणीच सांगत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘सन २०२४-२५ मध्ये पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाणीपुरवठ्याच्या कोणत्या कामांवर किती रक्कम खर्च झाली? टाकीच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकातली नोंद आणि अदा केलेल्या देयकाची तारीख सभेपुढे ठेवावी.’ एक वर्ष, एक निधी, एक काम, तीन कागद. याला ‘नंतर बोलू’ हे उत्तर देता येतं, पण ते इतिवृत्तात वाईट दिसतं.

बंधित निधी म्हणजे काय हे माहीत असलं की प्रश्न नेमका होतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. बंधित पैशातून प्रवेशकमान बांधली असेल तर प्रश्न तिथेच सुरू होतो. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. हा दिव्यांगांचा ५ टक्क्यांचा प्रश्न फार कमी गावांत विचारला जातो, आणि तो विचारल्यावर देशभक्तीची आठवण कुणी करून देत नाही.

सभेआधी घरबसल्या दोन गोष्टी होतात. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की मंजूर आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीतून झालेली देणी दिसतात. तिथली रक्कम आणि जागेवरचं काम एवढी तुलना पुरते. दुसरं, पंचायतीत जाऊन नोंदवह्या बघायला मागा. नमुना क्रमांक १ म्हणजे अंदाजपत्रक, ३ म्हणजे वार्षिक जमाखर्च, ५ म्हणजे रोकडवही, ८ म्हणजे घरांची कर आकारणी. ‘सगळं दप्तर दाखवा’ म्हणालात तर काहीच मिळत नाही. ‘नमुना ५ मधली मार्च महिन्याची पानं’ म्हणालात तर समोरच्याला कळतं की या माणसाला माहीत आहे. आणि नोंदवह्या बघताना आपली घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नाही ना, ते आधी बघा. थकबाकीदारानं हिशोब मागितला की त्याचीच थकबाकी मोठ्यानं वाचली जाते. अर्थात थकबाकीमुळे तुमचा विचारण्याचा हक्क जात नाही, पण नागरिकाचं काम दोन्ही बाजूंनी असतं आणि गाव ते बरोबर ओळखतं.

सभेत काय बिघडतं? पहिली गोष्ट गणपूर्ती. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. सहाशे मतदारांच्या गावात नव्वद माणसं लागतात. दोन हजारांच्या गावात शंभर पुरतात. माणसं कमी पडली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग आठवड्यानं वीस माणसांत सगळे ठराव होतात. ही सवय मोडायची असेल तर पहिल्याच सभेला माणसं आणणं हे तुमचं काम. आणि तहकूब सभा झालीच तर मूळ विषयपत्रिकेबाहेरचा विषय तिथे घुसू देऊ नका.

दुसरी गोष्ट सह्यांची. हजेरीच्या वहीवर झेंडावंदनाच्या गर्दीतच सह्या घेतल्या जातात, आणि सभा सुरू होईतो निम्मे लोक घरी गेलेले असतात. कागदोपत्री सभा भरलेली असते. सह्या सभेच्या वेळी घ्या असं सुरुवातीलाच सांगा. कित्येक गावांत महिला सभेच्या सह्या तर घरोघर वही फिरवून होतात. खरं तर प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पाण्याचा प्रश्न तिथून आला तर त्याचं वजन वेगळं असतं, कारण टाकी भरली की नाही हे बायकांना रोज कळतं. तुमच्या आईला, बायकोला, वहिनीला त्या सभेला न्या किंवा त्यांनाच तो मांडू द्या.

तिसरी आणि माझ्या मते सर्वात मोठी गोष्ट म्हणजे इतिवृत्त. सभेत बोललेलं आणि प्रोसिडिंग बुकात उतरलेलं यात बरंच अंतर पडतं. ठराव नंतर सावकाश लिहिले जातात, मध्ये कोऱ्या जागा राहतात, ‘आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने’ या मथळ्याखाली सभेत न ऐकलेलं काहीही येतं. म्हणून आपला ठराव असेल तर तो लिहूनच न्या, सूचक-अनुमोदकाची नावं ठरवून. सभा संपायच्या आधी ‘झालेले ठराव वाचून दाखवा’ अशी मागणी करा. ती एकट्यानं केली तर खटकते, पाच-सहा जणांनी केली तर पद्धत पडते. एखाद्या मुद्द्यावर मतभेद असेल तर ‘माझा विरोध नोंदवावा’ एवढं म्हणा, आणि बसा. त्यानंतर वाद लांबवण्यात काही मिळत नाही.

एका सभेत एकच विषय धरा. जे अकरा प्रश्न घेऊन उभे राहतात त्यांना अकराही प्रश्नांची अर्धी उत्तरं मिळतात आणि पुढच्या वेळी लोक त्यांना बघून उठून जातात.

उत्तर मिळालं नाहीच, तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत अर्ज. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अपुरं आलं तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, बहुधा पंचायत समितीत; आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे वेळ फार जातो, म्हणून अर्ज असा लिहा की पहिल्याच फेरीत काम व्हावं: मत किंवा कारण विचारू नका, कागदाची प्रत मागा. ‘असं का केलं?’ याला माहिती अधिकारात उत्तर द्यायची सक्ती नाही; ‘या देयकाची प्रत द्या’ याला आहे. कागद बघायला मागितला तर पहिला तास फुकट. आणि रागाच्या भरात महिन्याला पंधरा अर्ज टाकू नका. दहा रुपयांच्या अर्जानं सूड घेणारे लोक प्रत्येक तालुक्यात असतात, आणि त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडेही संशयानं बघितलं जातं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे झेंडावंदनापलीकडे काय. वर्षातल्या चार सभा म्हणजे चार दिवस. बाकीच्या दिवसांत कामं समित्यांमध्ये चालतात आणि तिथे माणसं मिळत नाहीत म्हणून सरपंचाच्या मर्जीतली नावं भरली जातात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. पोर शाळेत असेल तर तिथे जा. पोषण आहाराच्या तांदळाची नोंद आणि मुलांची हजेरी जुळते का, हे महिन्यातून एकदा बघायला अर्धा तास लागतो. पाणीपुरवठा समितीत जा, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा साठा आणि पाण्याचा नमुना कधी तपासला ते विचारा. यात झेंडा नाही, घोषणा नाही, फोटोही येत नाही, म्हणून जागा रिकाम्या असतात.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण यासाठीच बघण्यासारखं आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक असते. त्यामागची सवय कमी जणांना ठाऊक असते: विषय सभेत यायच्या आधी अभ्यासगटात चर्चेला घेतला जातो आणि निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतो. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, ते या सवयीच्या जोरावर. तुमच्या गावात सर्वसहमती लगेच होणार नाही, पण चार-पाच जणांनी सभेच्या आधी एका संध्याकाळी बसून आराखडा वाचायला काहीच अडचण नाही.

सध्या तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. पंधरा ऑगस्टची सभा झालेली आहे. तिच्या इतिवृत्ताची नक्कल लेखी अर्ज करून मागा आणि त्यात तुमचा प्रश्न नोंदवला आहे का ते बघा. नोंदवला असेल तर पुढच्या सभेत ‘मागील सभेच्या इतिवृत्ताचं वाचन व त्यावरील कार्यवाही’ या विषयात तो आपोआप येतो आणि तुम्हाला नव्यानं परवानगी मागायला लागत नाही. नोंदवला नसेल तर वर दिलेल्या नमुन्यात प्रश्न लिहून, निदान पाच सह्यांसह, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आवक क्रमांक घ्या. दोन ऑक्टोबरच्या सभेची सूचना त्यानंतर निघेल.